सूर्य साडेचारला मावळतो तेव्हा: लाइट थेरपी लॅम्प, उजेडाने उठवणारं घड्याळ आणि टायमर प्लग यांची पारख

उन्हाळ्यासाठी तासभर पुढे नेलेलं अमेरिकेतलं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ वाजता एक तास मागे जातं. शनिवारी न्यूयॉर्कमध्ये सहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पाच वाजायच्या आत बुडतो. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिथली दिवेलागण साडेचारला होते, बॉस्टनमध्ये सव्वाचारच्याही आधी. ऑफिसातून निघताना काळोख, मुलं शाळेतून येऊन जरा टेकतात न टेकतात तोच काळोख, संध्याकाळचं फिरणं बंद. याच दिवसांत तीन वस्तूंच्या जाहिराती सगळीकडे दिसू लागतात: १०,००० लक्सचा लाइट थेरपी लॅम्प (लक्स हे उजेडाचं माप; हिवाळ्यातल्या उदासीवर अशा तीव्र उजेडाचा उपचार करतात), पहाटेसारखा हळूहळू उजेड वाढवून उठवणारं घड्याळ आणि दिवे आपोआप लावणारा टायमर प्लग.

निकाल आधी सांगून टाकावा. मोठ्या पॅनलचा लॅम्प पैसे वसूल करतो. टॅब्लेटच्या आकाराचा छोटा लॅम्प बहुतेकांना निराश करतो, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. उजेडाचं घड्याळ चांगलं आहे, पण लॅम्पची जागा ते घेऊ शकत नाही. टायमर प्लग सगळ्यांत स्वस्त आहे आणि त्याचा फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो. मात्र यातली कुठलीही वस्तू घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. काळोख आपल्याला संध्याकाळी खुपतो, पण त्यावरचा इलाज सकाळी करायचा असतो. हे उलटं झालं तर महागातला महाग लॅम्पही त्रास वाढवतो.

सकाळीच का

आपल्या शरीरातलं घड्याळ सरासरीने २४ तासांपेक्षा दहा-बारा मिनिटं सावकाश चालतं. रोज ते थोडं मागे पडतं आणि रोज सकाळचा उजेड त्याला पुढे ओढून जागेवर आणतो. डोळ्याच्या पडद्यात दृष्टीशी फारसा संबंध नसलेल्या काही खास पेशी असतात. त्यांत मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला ते सर्वाधिक प्रतिसाद देतं. मेंदूतल्या मुख्य घड्याळाला दिवस उजाडल्याची खबर या पेशी देतात.

खबर केव्हा पोहोचते यावर सगळं अवलंबून आहे. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत खाली गेलेलं असतं. त्या क्षणानंतरचा उजेड शरीराचं घड्याळ पुढे आणतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते आणि सकाळी जागही लवकर येते. त्या क्षणाआधीचा उजेड, म्हणजे संध्याकाळ-रात्रीचा, तेच घड्याळ मागे ढकलतो. म्हणून ‘पाचलाच अंधार पडतो, तर रात्री आठला लॅम्प लावून बसू’ हा विचार कितीही स्वाभाविक वाटला तरी चुकीचा आहे. तासभर तरतरी येते, मग झोप लांबते, सकाळी उठवत नाही, आणि ज्या सकाळच्या उजेडाची खरी गरज होती तोच हुकतो.

याला एक अपवाद आहे. ज्यांना संध्याकाळी सात-साडेसातलाच डोळे उघडे ठेवणं जड जातं आणि पहाटे तीन-चारला टक्क जाग येते, त्यांचं घड्याळ मुळातच पुढे धावतंय. वय झालेल्यांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. अशांनी पहाटे लॅम्प लावला तर दुखणं वाढेल. त्यांना संध्याकाळचा उजेड उपयोगी पडतो. घरात आईवडील आणि तरुण मुलं यांनी एकच लॅम्प एकाच वेळी लावून बसावं, असं म्हणूनच होत नाही.

खोक्यावरचा आकडा आणि त्यापुढचं बारीक अक्षर

हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं वर्णन मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलं, आणि उजेडाचा उपचारही तिथूनच रुळला. सुरुवातीला २,५०० लक्सच्या उजेडासमोर कमीत कमी दोन तास बसावं लागे. आता १०,००० लक्ससमोर ३० मिनिटं हे सर्वमान्य प्रमाण आहे. ५,००० लक्स मिळत असेल तर तासभर बसावं. तुलनेसाठी सांगायचं तर घरातल्या दिवाणखान्यात रात्री १०० ते ३०० लक्स असतात आणि ऑफिसात ३०० ते ५००. बाहेर ढगाळ हवेतही हजारापासून दहा हजारांपर्यंत लक्स सहज मिळतात, आणि लख्ख उन्हात ५०,००० च्या वर.

बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक लॅम्पच्या खोक्यावर ‘१०,००० लक्स’ छापलेलं असतं. त्यामुळे तो आकडा पाहून काहीच ठरत नाही. पाहायचं ते हे की हा उजेड किती अंतरावर मिळतो. लक्स म्हणजे दिव्यातून किती उजेड निघतो याचं माप नव्हे. तुमच्या डोळ्यापाशी किती उजेड पोहोचतो, याचं ते माप आहे. अंतर न सांगता दिलेला लक्सचा आकडा निरर्थक असतो.

छोट्या लॅम्पची गोम इथेच आहे. सहा इंच रुंद, आठ इंच उंच असा दिवा १०,००० लक्स देतो खरा, पण बहुधा सहा इंचांवर. सहा इंच म्हणजे एक वीत सुद्धा नाही. एवढ्या जवळ तोंड नेऊन अर्धा तास बसणं कुणालाच जमत नाही. चहा पिता येत नाही, वाचता येत नाही, लॅपटॉप मधे येतो. माणूस नकळत मागे सरकतो. बारा इंचांवर त्याच दिव्याचा उजेड साधारण एक तृतीयांश होतो, म्हणजे ३,००० च्या आसपास. दीड फुटावर, म्हणजे टेबलावर ठेवून आरामात बसल्यावर, जेमतेम १,५०० उरतात. म्हणजे अर्ध्या तासात डोळ्याला जेवढा उजेड मिळायला हवा होता, त्याचा सातवा भाग मिळतो. ‘पंधरा दिवस लावला, काही फरक नाही’ अशी तक्रार होते त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं.

मोठ्या पॅनललाही हा नियम चुकत नाही, पण त्याची सुरुवातच जास्त अंतरावरून होते. कॅरेक्स कंपनीचा डे-लाइट क्लासिक प्लस हा या प्रकारातला नेहमी सुचवला जाणारा लॅम्प घ्या. त्याचे १०,००० लक्स १२ इंचांवरचे आहेत. लॅम्पचा पडदा मोठा असल्याने डोकं थोडं डावं-उजवं झालं तरी उजेड एकदम कमी होत नाही. फूटभर अंतरावर समोर ताटली ठेवून नाश्ता होतो, वर्तमानपत्र वाचता येतं. पण दोन फुटांवर त्यातूनही तीन हजारांच्या आसपासच मिळतील, हे ध्यानात ठेवावं. पडदा किमान १२ बाय १५ इंचांचा आणि १०,००० लक्स किमान १२ इंचांवर, यापेक्षा कमी असेल तर मी तो लॅम्प उपचारासाठी घेऊ नये असंच सांगेन. टेबलावर शोभेचा दिवा म्हणून घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. अशा मोठ्या लॅम्पना साधारण शंभर ते दीडशे डॉलर पडतात आणि छोटे तीस-चाळीसमध्ये मिळतात. फरक मोठा दिसतो, पण जो वापरला जात नाही तो तीस डॉलरचा लॅम्पही महागच.

उंचीही पाहावी. उजेड डोळ्यांच्या किंचित वरून, थोडा तिरपा खाली यायला हवा, जसा आकाशातून येतो. वरून येणारा उजेड डोळ्याच्या पडद्याच्या खालच्या भागावर पडतो आणि घड्याळाच्या कामासाठी तो भाग जास्त संवेदनशील मानला जातो. शिवाय समोरून सरळ डोळ्यांत घुसणारा झगझगाट टळतो. म्हणून उंच स्टँड असलेला लॅम्प टेबलावर आडव्या पडणाऱ्या लॅम्पपेक्षा बरा. आडवाच असेल तर खाली दोन-तीन जाड पुस्तकं ठेवून काम भागतं.

रंगाबद्दल फार डोकेफोड करू नये. ४,००० ते ५,००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरा उजेड पुरतो. फक्त निळ्या एलईडीचे दिवे डोळ्यांना जास्त टोचतात आणि त्यांची वेगळी गरज नाही. अतिनील किरण गाळलेले असल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. एलईडी पॅनलमध्ये ते नगण्य असतात, पण जुन्या ट्यूबच्या लॅम्पमध्ये पुढचा प्लास्टिकचा पडदा हेच गाळण असतं. तो तडकलेला लॅम्प कुणी फुकट दिला तरी घेऊ नये.

घरी तपासणी

मोबाइलमधली लक्स मोजणारी ॲप वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळे आकडे दाखवतात, कारण त्यांचा सेन्सर या कामासाठी बनवलेला नसतो. पांढऱ्या घुमटाचा साधा लक्स मीटर वीस-पंचवीस डॉलरपासून मिळतो. दोन-तीन घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल.

मोजायची रीत अशी. लॅम्प दहा मिनिटं चालू ठेवा, ट्यूबचा असेल तर हे फारच महत्त्वाचं. खोलीतले बाकी दिवे बंद करा. तुम्ही रोज जिथे बसणार तिथेच बसा. मीटरचा घुमट डोळ्याला लागून धरा आणि त्याचं तोंड चेहरा जिकडे आहे तिकडेच ठेवा. इथे बरेच जण घुमट लॅम्पकडे वळवतात आणि आकडा फुगतो. लॅम्प ४५ अंश बाजूला असेल आणि नजर लॅपटॉपवर असेल तर डोळ्यापाशी सुमारे ७० टक्केच उजेड पडतो. बाजूचा कोन ६० अंश झाला की निम्माच. आकडा ७,००० निघाला तर लॅम्प परत करायची गरज नाही, अर्ध्या तासाऐवजी चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बसा. ३,००० च्या खाली निघाला आणि जवळ सरकणं शक्य नसेल, तर तो परत करा.

दुसरी तपासणी लुकलुकण्याची. उजेड कमी करण्यासाठी काही लॅम्प एलईडी अतिशय वेगाने चालू-बंद करतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये लॅम्प चित्रित करून पाहा. काळे पट्टे सरकताना दिसले किंवा चित्र धडधडताना दिसलं तर लॅम्प लुकलुकतोय. पुष्कळदा पूर्ण उजेडावर तो स्थिर असतो आणि कमी केल्यावरच लुकलुकतो. तसं असेल तर कायम पूर्ण उजेडावर ठेवून अंतराने कमी-जास्त करावा.

तिसरी गोष्ट बटणाची, आणि ती कुणी सांगत नाही. लॅम्प टायमर प्लगवर लावून सकाळी आपोआप चालू व्हावा असं वाटत असेल, तर त्याला खटकन दाबायचं यांत्रिक बटण हवं. स्पर्शाच्या बटणाचे लॅम्प वीज आली तरी बंदच राहतात आणि पुन्हा हात लावायची वाट पाहतात. पहाटे डोळे मिटलेले असताना हा फरक फार मोठा ठरतो.

पडदा पुसताना अमोनिया असलेला काच साफ करण्याचा द्रव वापरू नका. ॲक्रिलिकवर त्याने बारीक चिरा पडतात. कोरडं मायक्रोफायबर कापड पुरे.

वापर

उठल्यापासून तासाभरात, रोज एकाच वेळी, २० ते ३० मिनिटं. लॅम्पकडे टक लावून पाहायचं नाही, पण डोळे उघडे आणि तोंड त्या बाजूला हवं. पाठीमागे लॅम्प ठेवून पोळ्या लाटल्या तर त्याचा काही उपयोग नाही. पहिले दोन-तीन दिवस १५ मिनिटांपासून सुरुवात करावी. डोकेदुखी, डोळ्यांवर ताण, मळमळ किंवा अस्वस्थ चिडचिड झाली तर अंतर वाढवावं, वेळ कमी करावा. बहुतेकांचं हे आठवड्याभरात निवळतं. फरक जाणवायला काहींना चार-पाच दिवस लागतात, काहींना दोन आठवडे. शनिवार-रविवारी दोन तास उशिरा उठून लॅम्प चुकवला की सोमवारी मागचे पाच दिवस अर्धे वाया गेलेले असतात.

काही लोकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. बायपोलर आजार असलेल्यांमध्ये तीव्र उजेडाने उन्माद उसळू शकतो. डोळ्याच्या पडद्याचे विकार, मधुमेहामुळे पडद्यावर झालेला परिणाम, आणि उजेडाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं, उदाहरणार्थ टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं किंवा मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, यांतलं काहीही असेल तर आधी सल्ला घ्यावा. आणि सगळा दिवस मन काळवंडलेलं राहत असेल, कशातच रस वाटत नसेल, तर लॅम्प हा डॉक्टरांकडे न जाण्याचा बहाणा होऊ नये. ते दुखणं खरं असतं आणि त्याला खरे उपचार आहेत.

एक फुकटचा उपाय या सगळ्यांच्या बरोबरीचा आहे, आणि म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही. सकाळी उजाडल्यावर किंवा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चाला. ढगाळ दिवशीही खिडकीपासून लांब असलेल्या खुर्चीपेक्षा कितीतरी पट उजेड मिळतो. संध्याकाळचं चालणं हिवाळ्यापुरतं दुपारी आणणं, हा दिनक्रमातला सगळ्यांत फायद्याचा बदल. संध्याकाळी चालायचंच असेल तर परावर्तक पट्ट्यांचं जाकीट हवंच. घड्याळ मागे गेल्यानंतरच्या आठवड्यांत गाडी चालवणारा आणि चालणारा, दोघांनाही त्या वेळच्या अंधाराची सवय नसते.

घड्याळ सरकतं ते दोन आठवडे

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि तासभर झोप कापली जाते. इथे लॅम्पचा उपयोग सगळ्यांत स्पष्ट दिसतो. आधीच्या बुधवार-गुरुवारपासून रोज १५ मिनिटं लवकर उठा आणि उठल्या उठल्या लॅम्प लावा. जेवण आणि झोपही तेवढीच अलीकडे ओढा. रविवारपर्यंत शरीर बरंचसं नव्या वेळेवर आलेलं असतं. फक्त लवकर झोपायचा प्रयत्न केला आणि सकाळचा उजेड घेतला नाही, तर अंथरुणात कूस बदलत राहण्यापलीकडे काही होत नाही.

नोव्हेंबरचा बदल सोपा वाटतो, पण एक फसगत आहे. सहाला उठणाऱ्याला नव्या वेळेनुसार पाचलाच जाग येते. जाग आलीच आहे तर लॅम्प लावू, असं केलं की शरीर त्या पाचवरच पक्कं होतं. अशा वेळी मंद उजेडात पडून राहावं किंवा वाचावं, आणि लॅम्प नव्या घड्याळाप्रमाणे सहालाच लावावा. तीन-चार दिवसांत जाग सरकते. लहान मुलांचं आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांचं जेवण रोज दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलत नेलं तर पहाटेचा गोंधळ टळतो.

आणखी एक बारकावा आहे. सर्वांत लवकरचा सूर्यास्त २१ डिसेंबरला होत नाही. न्यूयॉर्कमध्ये तो ७-८ डिसेंबरलाच होऊन जातो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या ३-४ तारखेच्या सुमारास, सात वाजून वीस मिनिटांनी होतो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि कक्षा लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे या दिवसांत खरी मध्यान्ह रोज थोडी उशिरा होते आणि दिवसाची दोन्ही टोकं घड्याळावर पुढे सरकतात. नाताळनंतर संध्याकाळ जरा लांबलेली दिसते आणि बरेच जण लॅम्प कपाटात टाकतात. नेमका तेव्हाच सकाळचा काळोख सर्वांत गडद असतो.

उजेडाने उठवणारं घड्याळ

ठरलेल्या वेळेआधी अर्धा तास या घड्याळाचा दिवा लालसर मंद उजेडापासून सुरू होऊन पिवळसर-पांढऱ्यापर्यंत चढतो. खोलीत तांबडं फुटल्यासारखं होतं. आवाजाने दचकून उठण्यापेक्षा हे खरोखर सुखद आहे, आणि गजर झाल्यावरही बराच वेळ गुंगीत राहणाऱ्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण उशीपाशी चांगल्या घड्याळाचा उजेडही दोनशे-तीनशे लक्सच असतो. मिटलेल्या पापणीतून त्यातला थोडासाच आत जातो, तोही लाल भागातला जास्त. म्हणून हे लॅम्पच्या आधीचं पाऊल समजावं.

घेताना उजेड चढण्याची मुदत बदलता येते का ते पाहा. फिलिप्सच्या एचएफ३५२० मध्ये ती २० ते ४० मिनिटांत ठरवता येते आणि तीव्रतेच्या २० पायऱ्या आहेत. स्वस्त घड्याळांत पाच-दहाच पायऱ्या असतात. उजेड झटक्या-झटक्याने वाढतो आणि मंद पहाटेचा परिणाम निघून जातो. घड्याळ डोक्यापासून दीड फुटावर, उशीच्या पातळीपेक्षा थोडं वर ठेवा. खाली ठेवलं तर गादीची कड उजेड अडवते. आकड्यांचा उजेड पूर्ण बंद करता येतो का हेही तपासा. रात्रभर डोळ्यांसमोर चमकणारं घड्याळ झोपेचं साधन म्हणून विकणं मला पटत नाही.

वीज गेल्यावर वेळ टिकते का, हे पाहणंही गरजेचं. पुष्कळ घड्याळांत बॅटरीची सोय नसते आणि रात्री क्षणभर वीज गेली तरी सकाळी बाराचे आकडे लुकलुकत असतात. उन्हाळी वेळेचा (डेलाइट सेव्हिंगचा) बदल ॲपला जोडलेली घड्याळं आपोआप करतात, बाकीच्यांत हाताने करावा लागतो.

टायमर प्लग

संध्याकाळच्या उदासीवर यासारखा सोपा उपाय नाही. पूर्ण अंधार होईपर्यंत आपण दिवा लावायला उठत नाही, आणि मग अंधारात बसल्याचं एकदम लक्षात येतं. दिवाणखान्यातले दोन-तीन उबदार दिवे, २,७०० केल्विनचे, सूर्यास्ताच्या वीस-तीस मिनिटं आधी आपोआप लागले तर दिवस ढळल्याचा तो धक्काच बसत नाही. झोपण्याआधी तास-दोन तास त्यातला एकच दिवा चालू राहील असं करा.

गोल चकतीचा यांत्रिक टायमर मजबूत असतो, पण त्याला सूर्य कळत नाही. सूर्यास्त बदलेल तसा दर दोन-तीन आठवड्यांनी, आणि घड्याळ बदललं की लगेच, तो हाताने सरकवावा लागतो. वीज गेली की तो तेवढाच मागे पडतो. झोपायच्या खोलीत त्याची घरघर ऐकू येते. खगोलीय म्हणून विकले जाणारे डिजिटल टायमर अक्षांश-रेखांश किंवा प्रदेश विचारून रोजचा सूर्यास्त स्वतः काढतात. मी यांनाच पहिली पसंती देईन, कारण यांना वायफाय लागत नाही. जुना टायमर वापरत असाल तर सावध राहा. अमेरिकेतल्या बदलाच्या तारखा २००७ पासून बदलल्या, आधी त्या एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये होत्या. त्यापूर्वीचा टायमर वर्षातून काही आठवडे एका तासाने चुकतो. युरोपात हे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात, म्हणून तिथला टायमर इकडे आणून आपोआप बदलाच्या भरवशावर ठेवू नये. वायफायचे स्मार्ट प्लग ‘सूर्यास्ताआधी २० मिनिटं’ अशी वेळ घेतात आणि उत्तम चालतात, फक्त इंटरनेट बंद असताना ठरलेली वेळ पाळतात का ते घेण्यापूर्वी पाहावं.

कायदा बदलला तर?

हा प्रश्न वाजवी आहे. घड्याळ सरकवणं बंद झालं, तर या वस्तूंची गरज उरेल का?

ते कुठल्या बाजूला थांबवलं जातं यावर उत्तर अवलंबून आहे. १९६६ च्या युनिफॉर्म टाइम ॲक्टनुसार राज्यांना कायम प्रमाणवेळेवर, म्हणजे हिवाळ्यातल्या घड्याळावर राहता येतं. हवाई, आणि नाव्हाहो या मूलनिवासी जमातीचा प्रदेश (नाव्हाहो नेशन) वगळून ॲरिझोना, ही राज्यं तसंच करतात. कायम उन्हाळी वेळ (तासभर पुढचं घड्याळ) मात्र अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या परवानगीशिवाय कुठल्याही राज्याला लावता येत नाही. मार्च २०२२ मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, सिनेटने, कायम उन्हाळी वेळ आणणारा सनशाइन प्रोटेक्शन ॲक्ट एकमताने पार केला, पण कनिष्ठ सभागृहाने, हाउसने, तो विचारात घेतला नाही. युरोपियन संसदेनेही मार्च २०१९ मध्ये बदल बंद करायच्या बाजूने मत दिलं आणि पुढे सदस्य देशांचं एकमत झालं नाही.

कायम उन्हाळी वेळ ऐकायला गोड वाटते, कारण संध्याकाळ तासाने लांबते. पण तो तास सकाळमधून कापलेला असतो. जानेवारीत डेट्रॉइटचा सूर्योदय आठऐवजी नऊला जाईल, सिएटलचाही जवळजवळ नऊला. हे आधी करून पाहिलेलं आहे. ६ जानेवारी १९७४ पासून अमेरिकेने वर्षभराची उन्हाळी वेळ लावली. मुलं काळोखात शाळेच्या बसची वाट पाहू लागली, लोकांचा पाठिंबा काही आठवड्यांतच घसरला, आणि ऑक्टोबरमध्ये घड्याळ पुन्हा मागे नेलं गेलं. रशियाने २०११ मध्ये कायम उन्हाळी वेळ घेतली आणि २०१४ मध्ये ती सोडून कायम हिवाळी वेळेवर गेला. झोपेच्या डॉक्टरांची अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन ही संस्था कायम प्रमाणवेळेच्या बाजूने आहे, तिचं कारण हेच सकाळच्या उजेडाचं. त्यालाही किंमत आहेच: जूनमध्ये न्यूयॉर्कला साडेचारच्याही आधी उजाडेल आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी तासाने आखडतील. माझा कौल तरीही प्रमाणवेळेला आहे. जूनमध्ये जाड पडदे लावून पहाटेचा उजेड अडवता येतो, पण जानेवारीच्या काळोख्या सकाळी उजेड आणायला दीडशे डॉलरचा लॅम्प आणि रोजचा अर्धा तास लागतो.

म्हणजे खरेदीच्या दृष्टीने पाहिलं तर कायम प्रमाणवेळ आली तर डिसेंबर आज आहे तसाच राहील आणि लॅम्पही आजच्याइतकाच उपयोगी ठरेल. कायम उन्हाळी वेळ आली तर तो आजच्यापेक्षा जास्त लागेल, कारण शाळा-ऑफिसच्या वेळेपर्यंत बाहेर उजेडच नसेल.

खरेदी नोव्हेंबरच्या गर्दीत करण्याऐवजी सप्टेंबरच्या शेवटी करावी. परत करण्याची मुदत किमान ३० दिवसांची असलेल्या दुकानातून घ्या, पहिल्याच आठवड्यात मीटर लावून अंतर तपासा, आणि सकाळी उठवेनासं होण्याआधी, ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वापर सुरू करा. एचएसए किंवा एफएसए या (अमेरिकेतल्या करमुक्त वैद्यकीय बचतीच्या) खात्यातून पैसे द्यायचे असतील तर खातं सांभाळणाऱ्या कंपनीला आधी विचारा. काही कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ते खरेदीच्या आधीच्या तारखेचं लागू शकतं.